मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी

डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे पेडणे महालातील मांद्र्याचे. पेडणे-डिचोलीकडच्या मुलाला त्या काळी मोठी विद्या हवी असेल तर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नसे. खुद्द गोव्यात विद्यापीठ निघाले ते १९८५ साली. भाऊंचे बुद्धिबळातील कसब एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले, त्याने वडिलांचे मन वळविले आणि मुलगा इंग्रजी शिकला. एवढ्याशा योगायोगावर सारे आयुष्य फिरले!

काठियावाड-कच्छमधील राजपुतांत चालणाऱ्या कन्याहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळविले. आम्हां बडोदेकरांना तो मुलूख काही परका नव्हे. पुढे १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत ते आले. गोरगरिबांस ते फुकट औषध देत. कोकणच्या रानातील कडूकवठाच्या तेलावर त्यांनी महारोगाचे उपचार बेतले. मात्र ती कृती वेळीच जाहीर केली नाही, हे मनाला खटकते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत बोटांवर मोजण्याइतके एतद्देशीय होते. भाऊ त्यांतले एक. ज्या विद्यार्थी-सभेने मुलींच्या शाळा चालविल्या, तिचे पहिले हिंदी अध्यक्षही तेच. ३१ मे १८७४ रोजी ते वारले. त्यांच्या विद्यापीठाने पदवीचे दार मुलींना उघडले, ते त्यानंतर नऊ वर्षांनी.