रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च १८५८, पॅरिस – २९ सप्टेंबर १९१३, इंग्लिश खाडी) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. केवळ हवेच्या संपीडनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेवर इंधन पेटवणारे अंतर्ज्वलन एंजिन त्यांनी विकसित केले. हे एंजिन आणि त्यात वापरले जाणारे तेल ही दोन्ही आज त्यांच्याच नावाने ओळखली जातात. आडनावाचे असे सामान्यनाम होण्याचे भाग्य फार थोड्या संशोधकांना लाभले आहे. मात्र त्यांचे स्वतःचे आयुष्य आजारपण, कर्ज आणि वादविवाद यांत गेले.

बालपण व शिक्षण

डिझेल यांचे वडील थेओडोर हे मूळचे बव्हेरियातील आउग्सबुर्ग येथील बुकबाइंडर. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवीत. आई एलिझ या न्यूरेंबर्गच्या. तीन भावंडांत रुडॉल्फ मधले. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. तेथे निर्वाह कठीण झाल्याने बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते क्रिस्टोफ बार्निकेल गणिताचे शिक्षक होते. परक्या घरी वाढणाऱ्या या मुलाने अभ्यासालाच आपले घर मानले असावे. शाळेत त्याने पहिला क्रमांक मिळवला आणि अभियंता होण्याचा निश्चय केला.

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले. शीतकरण यंत्रांचे प्रवर्तक कार्ल फोन लिंडे हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. वाफेच्या एंजिनात कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो व बाकीची वाया जाते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना उमगले आणि ते कायमचे मनात रुतले. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची परीक्षा हुकली. मधल्या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात अनुभव घेतला आणि जानेवारी १८८० मध्ये उच्च गुणवत्तेसह पदवी संपादन केली.

संपीडनाची कल्पना

पदवीनंतर लिंडे यांच्या बर्फ-यंत्रांच्या व्यवसायानिमित्त ते पुन्हा पॅरिसला गेले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. १८९० मध्ये कुटुंब बर्लिनला आले. नोकरी सांभाळून अमोनियाच्या वाफेवर चालणारे एंजिन बनवण्याचा त्यांनी बरीच वर्षे प्रयत्न केला. तो फसला, पण उच्च दाबाखालील वायूंचे वर्तन त्यांना जवळून अभ्यासता आले.

बंद नळीत दट्ट्या झपकन दाबला की आतील हवा तापून टोकाचा कापूस पेट घेतो, हे आग्नेय आशियातील अग्निनळीचे तत्त्व होय. अशी नळी विद्यार्थिदशेत पाहिल्यामुळे डिझेल यांना कल्पना सुचली, असे सांगितले जाते. प्रेरणा काहीही असो, विचार स्पष्ट होता. हवा सुमारे तीस-पस्तीस पट दाबापर्यंत दाबली तर तिचे तापमान पाचशे ते सहाशे अंश सेल्सियसच्या घरात जाते. अशा हवेत इंधनाचा फवारा सोडला तर ठिणगीची गरजच उरत नाही. फेब्रुवारी १८९२ पासून लागू झालेले जर्मन पेटंट क्रमांक ६७२०७ त्यांना १८९३ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचा सैद्धांतिक ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्यात २५० वातावरणांपर्यंतचा दाब कल्पिलेला होता. तेवढा दाब पेलणारे यंत्र त्या काळी घडवणे अशक्यच होते. ते उमगताच डिझेल यांनी अपेक्षित दाब पुष्कळ खाली आणला, पण या बदलामुळे पुढे त्यांच्या पेटंटवर आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

आउग्सबुर्गचे प्रयोग (१८९३–१८९७)

आउग्सबुर्ग यंत्रकारखान्याचे संचालक हाइनरिश फोन बुट्स यांनी आणि त्यांच्यासोबत क्रुप उद्योगसमूहाने या कल्पनेवर पैसा लावला. पहिल्या यंत्राचे सिलिंडर १५० मिलिमीटर व्यासाचे होते आणि दट्ट्याचा फेरा ४०० मिलिमीटरचा. ते अर्थातच आपणहून फिरत नव्हते. कारखान्याच्या मुख्य दंडावरून पट्ट्याने ते फिरवीत आणि सिलिंडरात किती दाब भरतो हे इंडिकेटर नावाच्या उपकरणाने कागदावर नोंदवीत. सिद्धांताप्रमाणे जेवढा दाब यायला हवा होता तेवढा येईना. दट्ट्याच्या कडेने आणि झडपांच्या बैठकीतून हवा निसटत होती. एक-एक गळती शोधून बंद करणे हेच सुरुवातीचे मुख्य काम ठरले. आज गॅरेजमध्ये एंजिनाची संपीडन-चाचणी करताना मेकॅनिक जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न येथे एंजिनाच्या जन्मापूर्वी विचारला जात होता.

१० ऑगस्ट १८९३ रोजी प्रथमच इंधन आत सोडण्यात आले. ते पेटले आणि दाब एकाएकी सुमारे ८० वातावरणांपर्यंत चढून इंडिकेटरचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. यंत्र चालले नाही, परंतु ठिणगीविना प्रज्वलन होते हे सिद्ध झाले. यंत्राची पुन्हा बांधणी करण्यात आली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे एक मिनिट, ८८ फेरे, स्वबळावर फिरले. ओढणारा पट्टा सैल पडलेला पाहून लिंडर नावाच्या कामगाराच्या हे प्रथम ध्यानी आले व त्याने निःशब्दपणे टोपी काढली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

पुढची तीन वर्षे फवाऱ्याच्या व्यवस्थेत गेली. इंधन उच्च दाबाच्या हवेने आत ढकलावे लागे आणि त्यासाठी वेगळा संपीडक जोडावा लागे. सिलिंडर पाण्याने थंड ठेवावे लागते, हेही अनुभवातूनच कळले. पहिल्या यंत्राला ती सोय नव्हती. अखेर २५० मिलिमीटर व्यासाच्या नव्या एंजिनाची १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्स श्रोएटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या या एंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. वाफेच्या एंजिनांच्या तुलनेत ही मजल असाधारण होती.

कीर्ती, आजार व आर्थिक ओढाताण

परवाने घेण्यासाठी देशोदेशीचे उद्योजक आले. अमेरिकेतील बिअर-उत्पादक अडॉल्फस बुश यांनी तेथील हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. मात्र कागदावरचे यश आणि कारखान्यातले यश यांत अंतर होते. १८९८ मध्ये केम्प्टन येथील काडेपेटी कारखान्यात बसवलेल्या ६० अश्वशक्तीच्या एंजिनासारखी सुरुवातीची यंत्रे वारंवार बिघडत. आपल्या आधी हीच कल्पना मांडल्याचा दावा करणारेही पुढे आले. इंग्लंडमधील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांचे तेल-एंजिन खरोखर आधीचे होते. परंतु त्यात प्रज्वलनासाठी तप्त कक्षाचा आधार लागे, निव्वळ संपीडन पुरत नसे, हा भेद लक्षात घ्यावा लागतो. या ताणाने डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि १८९८ च्या शरदात त्यांना आरोग्यधामात राहावे लागले.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या एंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले एंजिन ओटो नावाच्या फ्रेंच कंपनीचे होते. तो प्रयोग डिझेल यांचा स्वतःचा असल्याचे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. वनस्पती तेलांविषयीची त्यांची आस्था नंतरची आहे. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारावर आधारित समाजरचना मांडणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, पण वाचकांनी त्याची दखल घेतली नाही. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारे डॅनिश जहाज सागरी प्रवासाला निघाले. एंजिन असे जगभर पसरत असताना त्याच्या जनकाची जमिनींच्या व्यवहारांत व तेलव्यवसायात गुंतवलेली संपत्ती बुडत होती. म्युनिकमधील त्यांचे भव्य घर बाहेरून डौलदार दिसे. आत कर्ज साचत होते.

मृत्यू

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्प बंदरात ते ड्रेस्डेन या जहाजावर इंग्लंडला जाण्यासाठी चढले. सहप्रवाशांबरोबर भोजन करून, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते रात्री दहाच्या सुमारास खोलीत गेले. सकाळी बिछाना न वापरलेला आढळला. डेकवर त्यांची टोपी व घडी घातलेला कोट होता. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह सापडला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या व देह पुन्हा समुद्रार्पण केला. त्या वस्तू धाकटे पुत्र ऑयगेन यांनी ओळखल्या.

खून झाल्याचे तर्क त्या काळापासून आजतागायत मांडले जातात, पण एकाही तर्काला ठोस पुरावा नाही. निघण्यापूर्वी पत्नीकडे दिलेल्या पिशवीतील रोकड, रिकामी झालेली खाती आणि दैनंदिनीत त्या तारखेपुढे आढळलेली फुली यांवरून बहुतेक चरित्रकार आत्महत्येच्या निष्कर्षाकडे झुकतात.

एंजिनाचा पुढील प्रवास

डिझेल यांच्या हयातीत त्यांचे एंजिन कारमध्ये मावण्याजोगे झाले नव्हते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून इंधन-पंपांचे उत्पादन सुरू केले. अशा पंपांमुळे अवजड संपीडकाची गरज संपली. १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझ २६० डी ही डिझेल कार बाजारात आली. महाराष्ट्रात पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने (स्थापना १९४६) हे यंत्र शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत नेले. हँडल मारून एंजिन सुरू करताना आधी डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून झडप उघडी ठेवतात व वेग आल्यावर तो सोडतात. इतक्या दाबाविरुद्ध माणसाच्या हाताचे बळ पुरत नाही, म्हणून ही योजना.

कारच्या डिझेल एंजिनात ठिणगी नसल्याने संपीडन कमी झाले की ते विशेषतः थंडीत सुरू होईनासे होते. त्याची तपासणी करताना इंधन बंद करून ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी दाबमापक बसवतात आणि स्टार्टरने एंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपतात. सुस्थितीतील पेट्रोल एंजिनात तो साधारणतः १० ते १३ बार असतो, डिझेल एंजिनात २५ ते ३५ बार. म्हणून पेट्रोलचा मापक येथे वापरता येत नाही. सर्व सिलिंडरांतील आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे असते. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब एकदम कमी भरला, तर हेड गॅस्केटवर संशय घेतला जातो. पेट्रोल एंजिनात थोडे तेल सोडून चाचणी पुन्हा घेतात. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढला तर झडपा गळक्या, असे अनुमान निघते. डिझेलमध्ये मात्र ही युक्ती टाळतात, कारण दट्ट्यावरची मोकळी जागा फारच थोडी असते आणि तापलेल्या हवेत ते तेलच पेट घेऊ शकते.