बातम्यांमधला ‘मॅक’ कोण होता? हवेतली न दिसणारी लाट फोटोत पकडणाऱ्या अर्न्स्ट माख यांची गोष्ट

क्षेपणास्त्र किंवा लढाऊ विमानाची बातमी आली की ‘मॅक २’, ‘मॅक ५’ असे आकडे हमखास कानावर पडतात. हा मॅक म्हणजे एका माणसाचं आडनाव. जर्मनमध्ये त्याचा उच्चार ‘माख’ असा होतो.

शिक्षकांनी हात टेकले होते

अर्न्स्ट माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ रोजी ब्रनो शहराजवळ झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज चेक प्रजासत्ताकात आहे. या मुलाला अभ्यासात गती नाही, असं शाळेचं मत पडलं. मग वडिलांनी त्याला घरीच शिकवलं. जोडीला तो सुतारकामही शिकला. पुढे १८६० मध्ये व्हिएन्नातून डॉक्टरेट मिळाली आणि १८६७ पासून माख प्रागमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे ते २८ वर्षं होते.

वाद सुरू झाला जखमांवरून

१८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं. फ्रेंचांच्या शास्पो रायफलच्या गोळीने शरीरात खड्ड्यासारखी जखम व्हायची. त्यामुळे फ्रेंच सैन्य बंदी असलेल्या स्फोटक गोळ्या वापरतं, असा आरोप झाला. बेल्जियमचे शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी वेगळा तर्क मांडला: वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेली हवा ढकलत नेते आणि घाव ती हवा घालते.

१८८१ मध्ये पॅरिसला माख यांनी मेल्सेन्स यांचं व्याख्यान ऐकलं. खरंच असं होतं का, हे डोळ्यांनी बघायचं त्यांनी ठरवलं.

अंधार, ठिणगी आणि फोटो

युक्ती अशी होती. खोलीत अंधार करायचा. उडालेल्या गोळीनेच विजेचं सर्किट पूर्ण करायचं आणि क्षणभर ठिणगी पाडायची. दाबलेल्या हवेतून जाताना प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे ती हवा फोटोत उमटते.

प्रागमधल्या पहिल्या प्रयत्नांत काहीच दिसलं नाही, कारण गोळीचा वेग कमी पडत होता. मग फ्यूमे (आजच्या क्रोएशियातलं रिएका) इथल्या नौदल अकादमीतले पीटर साल्खर यांनी १८८६ मध्ये जास्त वेगाच्या गोळ्या वापरून तोच प्रयोग केला. यावेळी फोटोत गोळीच्या पुढे एक बाकदार रेघ स्पष्ट उमटली, होडीपुढे पाणी कापलं जातं तशी. १८८७ मध्ये दोघांनी मिळून हे निष्कर्ष छापले.

ही रेघ नेमकी कशाची?

साध्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर जातो. वस्तू त्यापेक्षा हळू असेल तर तिच्या दाबाची वर्दी आवाजाच्याच वेगाने पुढे पोचते आणि हवा बाजूला सरकते. हॉर्न ऐकून आपण बाजूला होतो ना, तसं. पण वस्तू आवाजाहून वेगवान असेल तर वर्दी मिळतच नाही. हवेचा दाब, घनता आणि तापमान एकदम उसळतं. हीच शॉक वेव्ह, म्हणजे आघात तरंग. वेगवान तोफगोळ्याच्या वेळी दोन धमाके का ऐकू येतात, याचंही उत्तर मिळालं: एक तोफेचा, दुसरा गोळ्याच्या या लाटेचा.

दिसेल तेच खरं!

माख यांचा हट्ट होता की अनुभवाला येतं तेवढंच विज्ञानाने मानावं. अणू दिसत नाहीत, म्हणून अणू खरोखर आहेत हे मानायला ते तयार नव्हते. यावरून व्हिएन्नात लुडविग बोल्ट्झमन यांच्याशी त्यांचे टोकाचे मतभेद होते. १८९८ मध्ये पक्षाघाताने माख यांची उजवी बाजू लुळी पडली. तरी त्यांचं लिखाण थांबलं नाही. १९ फेब्रुवारी १९१६ रोजी, ७८ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्युनिकजवळ त्यांचं निधन झालं.

‘मॅक नंबर’ हे नाव त्यांनी ऐकलंच नाही. ते १९२९ मध्ये स्विस अभियंते याकोब आकेरेट यांनी दिलं. मॅक २ म्हणजे तिथल्या हवेतल्या आवाजाच्या दुप्पट वेग. थंड हवेत आवाज हळू जातो. म्हणून १९४७ मध्ये खूप उंचावर चक येगर यांचं विमान ताशी सुमारे १,१२७ किलोमीटरलाच मॅक १.०६ ला पोचलं.

आज आपल्याला माहीत आहे की हवेतल्या शॉक वेव्हची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. ती इतकी पातळ का, याचं उत्तर रेणूंच्या टकरींत आहे. माख यांनी न दिसणारी लाट जगाला दाखवली. ती ज्यांनी बनली होती, ते कण मात्र त्यांनी नाकारले.