बटाट्याला प्रतिष्ठा मिळवून देणारे पार्मेंतिए

आज जगभर आवडीने खाल्ला जाणारा बटाटा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्सच्या बऱ्याच भागांत डुकरांचे खाद्य समजला जात असे. तो खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, असाही समज रूढ होता. हा समज दूर करण्याचे श्रेय प्रामुख्याने आंत्वान पार्मेंतिए या औषधशास्त्रज्ञाला दिले जाते.

पार्मेंतिए यांचा जन्म १७३७ साली उत्तर फ्रान्समधील मोंदिदिए येथे झाला. सप्तवार्षिक युद्धात (१७५६ ते १७६३) ते फ्रेंच सैन्यात औषधनिर्माते होते. प्रशियाच्या सैन्याने त्यांना कैद केले. बंदिवासात त्यांना मुख्यत्वे बटाटेच खावे लागले. या आहाराने आपली प्रकृती बिघडली नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिले.

त्या काळी फ्रान्समधील गरिबांचा सारा भार पावावर होता. गव्हाचे पीक बुडाले की उपासमार ठरलेली. अशा वेळी धान्याला पर्याय कोणता, या विषयावर बेझांसों येथील अकादमीने १७७१ साली निबंध मागविले. पार्मेंतिए यांनी बटाट्याची बाजू मांडून पारितोषिक मिळविले. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेनेही बटाटा खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. लोकांच्या मनातील भीती मात्र अशा निर्वाळ्याने जाणारी नव्हती. पॅरिसमधील इन्व्हालिद या सैनिकी संस्थेत ते औषधनिर्माते होते. परंतु तेथील धर्मभगिनींशी मतभेद होऊन त्यांना प्रमुखपद गमवावे लागले.

यानंतर त्यांनी लोकांच्या कुतूहलालाच हात घातला. केवळ बटाट्याच्या पदार्थांच्या मेजवान्या त्यांनी मान्यवरांना दिल्या. राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांना त्यांनी बटाट्याची फुले भेट दिली व राजदरबारात ती मिरविली गेली, असे सांगतात. १७८६ च्या सुमारास राजाने त्यांना पॅरिसजवळील साब्लों येथील रेताड जमीन लागवडीसाठी दिली. या शेतावर दिवसा सैनिकांचा पहारा असे आणि रात्री तो मुद्दाम उठविला जाई. पहारा आहे त्या अर्थी पीक मोलाचे असले पाहिजे, असे वाटून लोक बटाटे चोरून नेत आणि स्वतः लावीत. पार्मेंतिए यांच्याविषयीची हीच आख्यायिका सर्वाधिक प्रसिद्ध आहे.

१७८९ साली राज्यक्रांती झाली. राजसत्ता गेली, तरी बटाटा टिकला. क्रांतिकाळातील टंचाईत खुद्द राजवाड्याच्या त्वीलरी उद्यानात त्याची लागवड करण्यात आली. नेपोलियनच्या काळात पार्मेंतिए यांनी सैन्याच्या आरोग्यसेवेचे महानिरीक्षकपद सांभाळले आणि देवीच्या लसीकरणाचा पुरस्कार केला.

डिसेंबर १८१३ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला 'आशी पार्मेंतिए' हा पदार्थ त्यांच्या नावाने फ्रान्समध्ये घरोघरी होतो. पेर लाशेझ दफनभूमीतील त्यांच्या समाधीवर लोक फुलांऐवजी बटाटे ठेवून जातात.