टॉम किलबर्न: एक पान कायम रिकामं ठेवणारा माणूस

फोनवर दहा ॲप उघडी असतात. रॅम सगळ्यांना पुरत नाही, तरी काम चालू राहतं, कारण कर्नल मागे उठाठेव करत असतो: कोणता डेटा रॅममध्ये ठेवायचा, कोणता बाहेर काढायचा आणि स्टोरेजमधून परत वाचताना तुम्हाला कमीत कमी कसं ताटकळत ठेवायचं. या उठाठेवीचं मूळ शोधत गेलो की आपण टॉम किलबर्न यांच्यापाशी पोहोचतो.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या ड्यूजबरी गावातला. केंब्रिजला गणित शिकले. युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात फ्रेडी विल्यम्स यांच्या हाताखाली रुजू झाले. युद्ध संपल्यावर दोघं मँचेस्टर विद्यापीठात आले आणि टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबवर बिट साठवायची युक्ती त्यांनी जमवली. २१ जून १९४८ ला त्यांच्या 'बेबी' या मशीनवर किलबर्न यांचा १७ सूचनांचा प्रोग्रॅम चालला. मेमरीतच साठवलेला प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरने चालवण्याची ही पहिली वेळ. उत्तर यायला ५२ मिनिटं लागली.

बहुतेक लेख इथेच थांबतात. मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं.

बेबीनंतरच्या मँचेस्टर मशीनला मॅग्नेटिक ड्रम जोडला गेला. ड्रम म्हणजे चुंबकीय थर चढवलेलं, गरागरा फिरणारं पिंप. हार्ड डिस्कचा मोठा भाऊच म्हणा. जागा भरपूर, पण हवा तो भाग फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागायचं. त्यात ड्रमवरून काय, कधी आणायचं हे प्रोग्रॅमरने स्वतः लिहायचं. खरं गणित बाजूला, निम्मा वेळ या हमालीत!

ही हमाली मशीनकडे सोपवायची, हा किलबर्न यांच्या पुढच्या प्रकल्पाचा गाभा. १९५६ च्या सुमारास काम सुरू झालं, पुढे फेरांटी कंपनी सोबत आली आणि ७ डिसेंबर १९६२ ला 'ॲटलस' कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं. त्याच्या कोअर मेमरीत १६ हजार शब्द मावायचे, ड्रमवर ९६ हजार. प्रोग्रॅमरला मात्र एकच सलग मेमरी दिसायची. सगळी मेमरी ५१२ शब्दांच्या पानांत वाटलेली. हवं ते पान कोअरमध्ये नसेल तर हार्डवेअर प्रोग्रॅम थांबवायचं आणि 'सुपरव्हायझर', म्हणजे आजच्या भाषेत कर्नल, ते ड्रमवरून आणायचा. तो डेव्हिड हॉवर्थ आणि सहकाऱ्यांनी लिहिला होता.

आता खरी अडचण बघा. कोअरला २ मायक्रोसेकंद लागायचे, ड्रमवर पान सापडायलाच सरासरी ६ मिलिसेकंद. तीन हजार पट फरक! ड्रम जास्त वेगाने फिरवणं काही हातात नव्हतं. मग त्यांनी कामांचा क्रम बदलला. साधा विचार असा की आधी जुनं पान बाहेर काढू, मग नवं आणू. ॲटलसमध्ये एक पान कायम रिकामंच ठेवलेलं असायचं, त्यामुळे वाचन लगेच सुरू व्हायचं. ड्रम फिरत असतानाच सुपरव्हायझर ठरवायचा की पुढच्या वेळेसाठी कोणतं पान खाली करायचं. बाहेर काढलेलं पानही जुन्याच जागी न्यायचा हट्ट नाही. ड्रमवर जी रिकामी जागा आधी हेडखाली येईल, तिथे लिहून मोकळं व्हायचं. शिवाय, मधल्या वेळात दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम चालवता यायचा.

कोणतं पान काढायचं, यासाठी प्रत्येक पान किती वेळ पडून आहे आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून होतं, याची नोंद ठेवली जायची. लूप ओळखायची ही हुशारी पुढे फार टिकली नाही. साधे नियम बऱ्याच प्रोग्रॅमना जास्त मानवले. रिकाम्या पानाची कल्पना मात्र टिकली. तुमच्या अँड्रॉइडमधला लिनक्स कर्नलही काही पानं मोकळी राखून ठेवतो आणि ती कमी झाली की मागच्या मागे आणखी मोकळी करतो.

१९६४ मध्ये मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे पहिले प्रमुख किलबर्नच. मितभाषी माणूस, मँचेस्टर युनायटेडचा पक्का चाहता. ॲटलसनंतर त्यांनी 'एमयू-५' हे आणखी एक मशीन उभं केलं, १९८१ मध्ये निवृत्त झाले आणि १७ जानेवारी २००१ ला मँचेस्टरमध्येच वारले.