वैद्यराज आचार्य उग्रादित्य

नवव्या शतकात घरात कोणी अत्यवस्थ झाले की विश्वासातील वैद्यास पाचारण होई. पण त्याने मांसरस वा मद्य सांगितले, तर व्रतस्थ श्रावकापुढे प्राण की व्रत, असा पेच उभा राही. श्रीनंदी आचार्यांचे शिष्य उग्रादित्य यांनी तो सोडविला. ‘कल्याणकारक’ या संस्कृत ग्रंथात त्यांनी मद्य-मांसाविना चिकित्सा सांगितली. वेरूळवरही ज्यांची सत्ता होती, त्या राष्ट्रकूटांच्या नृपतुंग अमोघवर्षाच्या राजसभेत, जमलेल्या वैद्यांसमक्ष, औषधार्थ मांससेवनाची निष्फळता त्यांनी प्रतिपादिली. तोच परिशिष्टातील हिताहिताध्याय. दुसऱ्या परिशिष्टात, रिष्टाध्यायात, मरणसूचक लक्षणे आहेत. ती ओळखली की सल्लेखनेची सिद्धता वेळीच करता येते. औषध कोठे थांबवावे हे जाणणारा वैद्य विरळाच! हा ग्रंथ सोलापुरातून पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी १९४० साली संपादून प्रकाशात आणला.