घाटावरचे स्वामी आणि हृदयाचा ब्रेक

स्मरणिका समितीने माझ्याकडे बँकेतल्या आठवणी मागितल्या होत्या. त्या कोण वाचणार? त्यापेक्षा आपल्या कर्जतहून घाट चढून गेले की जिथे पोचतो, त्या लोणावळ्यात चार दशके काम केलेल्या स्वामी कुवलयानंदांविषयी लिहितो. आपण कर्जतकर काय किंवा खालापूर-खोपोलीकडची मंडळी काय, लोणावळ्याला जातो ते चिक्कीसाठी आणि पावसात भिजायला. कैवल्यधाम हे नाव कानावरून गेलेले असते, एवढेच.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, डभोईला. परिस्थिती बेताची, पण १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे अंग घामाने भिजवले. मग खानदेशात अमळनेरला शिक्षकी आणि तिथल्याच राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद. (साने गुरुजी अमळनेरला शिक्षक म्हणून आले ते यानंतर.) १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास महाराज भेटले आणि आयुष्याला वळण लागले.

इथपर्यंतची कथा कुठल्याही साधुपुरुषाची असू शकते. वेगळेपण पुढे आहे. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा अनुभव स्वतःला आला, तरी तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. शरीरात नेमके काय होते? १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळाची मदत घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटाचे क्ष-किरण फोटो काढवले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे नळी लावून मोजले आणि त्या पोकळीला गुरूंचे नाव दिले. सर्वांगासनात, शीर्षासनात रक्तदाब किती चढतो तेही मोजून छापले. आम्ही बँकवाले व्हाउचरशिवाय नोंद करत नाही, म्हणून या माणसाविषयी मला आधीपासून आदर. १९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढला तेव्हा तेही आसनांविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार करत होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा प्राणायामाचा हिशोब. प्राणायाम केला की शरीरात भरपूर ऑक्सिजन भरतो असे तेव्हाही लोक म्हणत, आजही आपल्या बागेतल्या बाकावर रोज सकाळी म्हणतात. स्वामीजींनी श्वासातले वायू मोजले आणि तसे होत नाही असे स्वतःच सांगितले. श्वास दीर्घ होतो खरा, पण मिनिटाला श्वासांची संख्याच घटते, मग जादा ऑक्सिजन येणार कुठून? प्राणायामाची खरी किंमत मज्जासंस्थेच्या शिक्षणात आहे, असे त्यांचे मत होते. योगाचा प्रचार करणाऱ्या माणसाने योगाच्या नावावर खपणारी गोष्ट खोडून काढायची, हे सोपे नव्हते.

मज्जातंतूंचा आणि हृदयाचा संबंध आपल्या स्टेशनावर उभे राहून छान समजतो. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात (हे बँकर म्हणजे आम्ही नव्हे!) आणि घाट उतरणाऱ्या गाडीचा सगळा भरवसा ब्रेकवर. हृदयालाही दोन्ही आहेत. एक मज्जातंतू ठोके वाढवतात, दुसरी व्हेगस नावाची नस ते आवरते. हृदय स्वतःच्या मर्जीवर सोडले तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. बसल्या जागी आपली नाडी सत्तर-बहात्तर लागते ती व्हेगसच्या ब्रेकमुळे. नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी पन्नास-साठपर्यंत येते.

हा ब्रेक व्यायामाने घट्ट कसा होतो? ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना काही आठवडे फिरत्या चाकावर पळू दिले. त्यांच्या हृदयाजवळच्या व्हेगसच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करणारे एन्झाइम वाढले होते. त्या वायूमुळे ठोके आवरणारे रसायन नसेतून जास्त सुटते. व्यायामाने हृदयाचा मूळचा वेगच मंदावतो असेही काही शास्त्रज्ञ मानतात, तो वाद अजून मिटलेला नाही. याच वायूच्या शरीरातल्या कामाच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. आपल्यापैकी अनेकांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते, तीही शरीरात हाच वायू सोडून रक्तवाहिन्या सैल करते. स्वामीजींच्या हयातीत या वायूचे शरीरातले हे काम ठाऊक नव्हते. त्यांनी बोट मज्जातंतूंकडे दाखवले, एवढे खरे.

योगी हृदय थांबवतात, ही दंतकथाही अशीच तपासली गेली. १९५७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ भारतात येऊन असा दावा करणाऱ्यांचे ईसीजी काढू लागले. मनगटाची नाडी लागेनाशी झाली, पण कागदावर ठोके चालूच होते. श्वास कोंडून छाती आवळली की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, म्हणून नाडी बारीक.

हे सगळे लिहायला कारण आहे. माझ्या साडूंनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून प्राणायाम सुरू केला आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. महिन्याभरात आयसीयू. वाचले, पण डावा हात अजून नीट उचलत नाही. अँजिओप्लास्टी झाल्यावर मीही रोज अनुलोम-विलोम करतो, सोसायटीला सहा फेऱ्या मारतो, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेतो. सकाळची नाडी वहीत लिहितो; तीन वर्षांत चौऱ्याऐंशीवरून बहात्तरवर आली आहे. त्यातले श्रेय गोळीचे किती आणि फेऱ्यांचे किती, हे मात्र वहीवरून काढता येत नाही.

स्वामीजींनी मुंबईत मरीन ड्राइव्हला १९३६ साली आरोग्यकेंद्र काढले, शाळांसाठी सामुदायिक योगाचा अभ्यासक्रम बसवला, १९५१ मध्ये लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय सुरू केले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. संस्था चालू आहे. पावसाळा संपला की ज्येष्ठ मंडळींना घेऊन तिथे जाऊन यायचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव माझ्याकडे द्यावे, आणि आपली गोळी खिशात ठेवूनच निघावे.