कायदा आणि राज्यशास्त्र : डॉ. आंबेडकरांचे अध्ययनपर्व

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नावापुढील पदव्यांची मालिका मराठी वाचकाला मुखोद्गत असते. परंतु त्या पदव्या कोणत्या अटींवर, कोणत्या अभ्यासक्रमातून आणि किती खंडित काळात मिळाल्या, याचा विचार क्वचितच केला जातो. चरित्रकारांच्या दृष्टीने विलायतेचा प्रवास ही पुढील लढ्याची पूर्वतयारी असते. म्हणून त्या दहा वर्षांचा तपशील थोडक्यात आटोपतो. वस्तुतः १९१३ ते १९२३ या दशकात आंबेडकरांनी जे शिक्षण घेतले त्याचा आराखडा कोणत्याही एका विद्यापीठाने त्यांच्यासाठी आखलेला नव्हता. कायदा, राज्यव्यवहार, अर्थकारण आणि समाजरचना या चारही अंगांचा एकत्र विचार करणारी एक विद्या त्यांनी तीन निरनिराळ्या संस्थांतून स्वतः जुळवून घेतली. ही जुळवणी कशी झाली आणि तिची किंमत काय पडली, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व काही काळ लष्करी शाळेत अध्यापन करीत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सातारा व मुंबई येथे शिक्षण होऊन १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेत त्यांना ती भाषा घेऊ दिली गेली नाही व फारसीवर समाधान मानावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अभ्यासक्रमातील एखादा विषय नाकारला जाणे म्हणजे ज्ञानाचे एक दार बंद होणे होय, याचा अनुभव त्यांना असा शाळेतच आला. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केली आणि धर्मशास्त्रांची चिकित्सा केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा २५ रुपयांच्या साहाय्यामुळे एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण चालू राहिले व १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. पण काही दिवसांतच, २ फेब्रुवारी रोजी, वडिलांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये बडोदे संस्थानशी त्यांचा करार झाला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची आणि तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, अशी अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

येथे त्या विद्यापीठाच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जॉन बर्जेस यांच्या पुढाकाराने कोलंबियात १८८० साली राज्यशास्त्राची स्वतंत्र शाखा स्थापन झाली होती. राज्यशास्त्र हा शब्द तेथे फार व्यापक अर्थाने घेतला जाई. सार्वजनिक विधी, इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे सर्व विषय या एकाच शाखेच्या छत्राखाली येत. ज्या विद्यार्थ्याला राज्यसंस्था समजून घ्यावयाची आहे त्याला तिचा कायदा, तिचा इतिहास, तिची तिजोरी आणि तिच्या पायाशी असलेला समाज हे सारे समजले पाहिजे, अशी या रचनेमागील भूमिका होती. आंबेडकरांचा प्रधान विषय अर्थशास्त्र होता, परंतु एम. ए. साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध याच शाखेकडे सादर झाला. १५ मे १९१५ अशी तारीख असलेला हा छोटा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व वित्तव्यवस्था या विषयावर आहे. कंपनीची राज्यरचना आणि तिचा जमाखर्च यांचा त्यात एकत्र विचार केलेला असल्यामुळे, आंबेडकरांच्या पुढील सर्व लेखनाची दिशा त्यात बीजरूपाने दिसते.

पदवीला आवश्यक तेवढे अभ्यासक्रम घेऊन थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकूण संख्या ६० भरते. त्या काळी अमेरिकेत संशोधनाच्या पदवीसाठी या दोन युरोपीय भाषा वाचता येणे आवश्यक मानले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे अखेरच्या दोन अभ्यासक्रमांचा उलगडा होतो. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्युई, इतिहासात जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन, समाजशास्त्रात फ्रँकलिन गिडिंग्ज आणि मानवशास्त्रात अलेक्झांडर गोल्डनवायझर अशा अध्यापकांचा सहवास त्यांना लाभला. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला व तो पुढील वर्षी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या विषयाचे त्यांच्या अभ्यासक्रमातील स्थान गौण होते, त्याच विषयातील हे टिपण आज त्यांच्या विद्यार्थिदशेतील सर्वाधिक वाचली जाणारी कृती ठरले आहे.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि ११ नोव्हेंबर रोजी ग्रेज इन या विधिसंस्थेत त्यांनी नाव नोंदविले. लंडनमध्ये त्यांनी हॅल्फर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि एल. टी. हॉबहाऊस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती व समाजसिद्धान्त हे विषय घेतले. कोलंबियाची शिक्षणपद्धती आणि लंडनच्या या दोन संस्थांची पद्धती यांत मोठा फरक होता. कोलंबियात अभ्यासक्रमांची संख्या व व्याख्यानांना उपस्थिती यांना महत्त्व होते. लंडन विद्यापीठाच्या वरिष्ठ पदव्यांचा भर प्रबंधावर असे. बॅरिस्टर होण्याची रीत तर सर्वस्वी निराळी. रोमन कायदा, राज्यघटना, फौजदारी कायदा इत्यादी विषयांच्या परीक्षा द्यावयाच्या; आणि त्याबरोबरच ठरावीक सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात सहभोजनास हजर राहून सत्रे भरावयाची. मायदेशात ज्याला सार्वजनिक पाणवठ्याला स्पर्श करण्याचा अधिकार नव्हता, त्या माणसाला कायद्याच्या व्यवसायात प्रवेश मिळविण्यासाठी सहभोजनाची अट पाळावी लागली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

हे अध्ययन सुरळीत चालू राहिले नाही. शिष्यवृत्तीची मुदत आणखी वाढवून देण्यास संस्थानने नकार दिला आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली, एवढाच दिलासा होता. स्वतंत्रपणे पाठविलेली त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते महायुद्धात पाणतीराने बुडाले. ऑगस्टमध्ये ते मुंबईस पोहोचले व करारानुसार सप्टेंबरमध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. तेथे कचेरीतील वागणूक अपमानास्पद होती आणि राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत घेतलेला आसरा जात उघड होताच सुटला व काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. कोलंबियाची एम. ए. ही पदवी गाठीशी असलेल्या मनुष्याला त्या नगरीत रात्रीपुरते छप्पर लाभले नाही. विद्येने सामाजिक दर्जा आपोआप प्राप्त होतो, या समजुतीचा फोलपणा या प्रसंगाइतका स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दिसला नसता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. मार्च १९२० पर्यंतच्या या नोकरीतून त्यांनी पै-पै साठविली. कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांच्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. सवलतीची चार वर्षे सरत आली होती. परळच्या चाळीतील संसाराचा सारा भार रमाबाईंवर होता. आंबेडकरांच्या ज्ञानसाधनेचे वर्णन करताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील त्यांच्या दीर्घ बैठकांचा उल्लेख नेहमी होतो. त्या बैठकांना रमाबाईंच्या काटकसरीचा आणि सोसण्याचा आधार होता, हेही नोंदविणे न्याय्य होईल.

जून १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय ब्रिटिश भारतातील साम्राज्यीय वित्ताचे प्रांतवार विकेंद्रीकरण हा होता. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी काही काळ ते जर्मनीतील बॉन येथेही जाऊन आले. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी. चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो नव्याने लिहून देण्यास सांगितले. जवळचा पैसा संपला होता. म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले व निष्कर्षांना धक्का न लावता त्यांनी प्रबंधाची मांडणी फेरली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा पाठविला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. प्रबंध वर्षअखेर लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली. कोलंबियाची पीएच. डी. मात्र अधिक काळ लांबली. तेथील नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील हा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि ८ जून १९२७ रोजी पदवी प्रदान झाली. अभ्यास १९१६ साली झाला व पदवी ११ वर्षांनी पदरात पडली.

या साऱ्या सूचीत एक गोष्ट लक्षणीय आहे. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांनी कायद्याची पदव्युत्तर पदवी कधी घेतली नाही. कायद्यातील त्यांची औपचारिक पात्रता बॅरिस्टरीची; विधीची डॉक्टरेट त्यांना कोलंबियाने १९५२ च्या जूनमध्ये सन्मान म्हणून दिली. त्यांचे कायद्याचे ज्ञान राज्यकारभार आणि वित्त यांच्या अध्ययनातून, आणि १९२३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात केलेल्या वकिलीतून घडले. १९२८ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते अध्यापक झाले व १ जून १९३५ पासून तेथे प्राचार्य होते. सायमन कमिशनपुढील साक्ष, गोलमेज परिषदांतील युक्तिवाद, महाड येथील चवदार तळ्याचा प्रदीर्घ दावा या सर्व ठिकाणी त्यांच्या प्रतिपादनाचा घाट एकच दिसतो : प्रथम हक्काचे स्वरूप, मग त्याचा इतिहास, त्यानंतर तो बजावण्याची यंत्रणा, आणि शेवटी तिचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न. केंद्र व प्रांत यांच्या महसुलाची वाटणी हा लंडनच्या प्रबंधाचा विषय होता. २९ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झालेल्या मसुदा समितीपुढे संघराज्याच्या रूपाने तोच प्रश्न नव्याने उभा राहिला आणि घटनेच्या २८० व्या अनुच्छेदातील वित्त आयोगाची तरतूद याच प्रश्नाशी संबंधित आहे. तरतुदीचे श्रेय एका व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्या प्रश्नाचा पंचवीस वर्षांपूर्वीपासूनचा व्यासंगी समितीच्या अध्यक्षस्थानी होता, हे खरे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या अध्ययनपर्वाचे आणखी एक महत्त्व आहे. लंडनला दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, आंबेडकरांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले आणि परतल्यावर १९२७ साली बहिष्कृत भारत. पहिल्याच्या शिरोभागी तुकारामांची रचना होती, दुसऱ्याच्या ज्ञानेश्वरांची. संतवाणीच्या सावलीत त्यांनी जे गद्य लिहिले ते मात्र विधिज्ञाचे गद्य आहे. पूर्वपक्ष पूर्णपणे मांडावा, त्याचे घटक वेगळे करावेत, प्रत्येकाचा क्रमाने निरास करावा आणि शेवटी सरळ मागणी करावी, अशी त्याची रीत आहे. प्रबंध इंग्रजीत लिहिले गेले, पण त्यांतून कमावलेली शिस्त मराठी अग्रलेखात उतरली. मराठी निबंधपरंपरेचा इतिहास लिहिताना या गद्याला चळवळीचे साहित्य म्हणून बाजूस ठेवणे योग्य नव्हे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी स्वतः अभ्यासक्रम घडविण्याचे काम हाती घेतले. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, पुढे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी १ जुलै रोजी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. राजकारण ही केवळ जन्माने, पैशाने किंवा वक्तृत्वाने साधणारी गोष्ट नसून तीही शिकावी लागते, हा त्यामागील विचार होता. पंधरा विद्यार्थ्यांनिशी आरंभलेले हे विद्यालय ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर फार काळ तगले नाही. मार्च १९५७ मध्ये ते बंद पडले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी प्राचीन भारतातील गणराज्यांचे आणि भिक्षुसंघांच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते. लिच्छवींच्या वैशालीचे नाव आज छत्तीसगडमधील भिलाईच्या एका नगराने धारण केले आहे. भिलाई ज्या दुर्ग भागात आहे त्याची राजधानी १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच होती; म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा त्या भागाच्याही राजधानीत घडला. सभा भरविणे, ठराव मांडणे, मत नोंदविणे आणि बहुमत मानणे ही विद्या या भूमीला परकी नव्हती, पण ती विसरली गेली होती, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. कोलंबियातील साठ अभ्यासक्रम, लंडनचे दोन प्रबंध आणि ग्रेज इनमधील भोजने यांतून त्यांनी जे मिळविले त्याचा विनियोग ही विस्मृत विद्या सर्वांच्या हाती देण्यात झाला. ज्यांना शिकण्याचा अधिकार नाकारला गेला होता त्यांना राज्य चालविण्याचा अधिकार घटनेने दिला. तो बजावण्याचे शिक्षण देणारी संस्था मात्र नऊ महिन्यांत थांबली. त्यांच्या शैक्षणिक कार्यातील हा भाग अपुरा राहिला आहे, आणि त्यांच्या पदव्यांची नामावली उच्चारणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावयास हवा.